मोरोक्कोतल्या टँजियरच्या सेंट अँड्र्यू चर्चमधल्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून असं उघडं पत्र लिहितेय. मराठीतच लिही, आपल्या माणसांनाही तुमच्याबद्दल कळू दे, असं आईचं म्हणणं.

त्या दुपारी ग्रँड सोक्कोच्या बाजारात, रुंद गवती टोप्या घालून चीज विकणाऱ्या बायकांशी आम्ही रमलो, जेवणाची वेळ टळली आणि आईची साखर उतरली. दरदरून घाम, पाय लटपटताहेत. सगळ्यात जवळचं फाटक तुमच्या चर्चचं. झाडांना पाणी घालता घालता तुम्ही धावत आलात, तिला सावलीत बसवलंत. मी ‘शुगर, शुगर’ म्हणत राहिले. ‘सुक्कर?’ असं विचारून तुम्ही पुदिन्याच्या चहात आणखी दोन खडे टाकलेत, ढवळलंत आणि पेला स्वतः तिच्या ओठांशी धरलात. पंधरा-वीस मिनिटांनी ती नीट बोलायला लागली. काका, परक्या गावात माझी आई तुम्ही सांभाळलीत.

मग तुम्हीच चर्च उघडून दाखवलंत. सुलतान पहिले हसन यांनी इथल्या ब्रिटिश रहिवाशांना ही जागा दिली आणि 1905 मध्ये आजच्या चर्चचं समर्पण झालं, हे तुमच्याकडूनच कळलं. बाहेरून मनोरा मिनारासारखा, त्यावर लाल क्रूसाचा पांढरा झेंडा. फ्रेंच चित्रकार मातीसने हेच चर्च हॉटेलच्या खिडकीतून रंगवलं होतं. आवारात दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या कबरी आहेत. आई तिथे बराच वेळ उभी राहिली.

पण आम्हाला खरं धरून ठेवलं ते वेदीपुढच्या कमानीने. तिच्यावर अरबीत प्रभूची प्रार्थना कोरलेली. तुम्ही उजवीकडून बोट फिरवत वाचलंत, “अबाना...”, म्हणजे ‘आमच्या पित्या’. आई चमकून म्हणाली, “अगं, आबा म्हणताहेत!” आम्ही नगरकडच्या ख्रिस्ती, तिच्या वडिलांना सगळे आबाच म्हणायचे. मग तिने ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो’ म्हणायला सुरुवात केली. तुम्ही मुसलमान, तरी ती संपेपर्यंत टोपी हातात घेऊन शेजारी थांबलात.

आई आता बरी आहे. पर्समध्ये खडीसाखरेची डबी असते. रविवारी चर्चमध्ये ‘पित्या’ म्हणायच्या आधी ती हळूच ‘अबाना’ पुटपुटते. मला ऐकू येतं.

तुमची ऋणी,
नगरची एक लेक