अंगावरचं दूध, इसब आणि दमा : मीनलला पत्र

प्रिय मीनल,

सप्रेम नमस्कार.

तुला दमा, तुझ्या नवऱ्याला लहानपणापासून इसब, म्हणून पोटातल्या बाळाची धास्ती वाटणं मी समजू शकते. ‘सहा महिने नेटाने अंगावर पाजलं, तर बाळ यातून सुटेल ना?’ असं तू विचारलंस. इसबाच्या बाबतीत फायदा बऱ्यापैकी आहे, दम्याच्या बाबतीत थोडा, आणि अन्नाच्या ॲलर्जीच्या बाबतीत तसा भक्कम पुरावा नाही. तू पाजच, पण ॲलर्जीविरुद्धचा विमा समजून पाजू नकोस. उद्या बाळाच्या गालावर चट्टा उठला, तर तू स्वतःलाच दोष देत बसशील.

या विषयात इतकी उलटसुलट मतं का ऐकू येतात, तेही सांगते. ज्या घरात ॲलर्जी आहे, तिथल्या आया मुद्दाम जास्त दिवस पाजतात. बाळाला इसब दिसलं की दूध तोडायचं लांबणीवर टाकतात. मग नुसत्या आकड्यांत असं दिसतं, की जास्त पाजलेल्या मुलांनाच ॲलर्जी जास्त! आणि ‘तू पाज, तू पाजू नकोस’ अशी वाटणी करून प्रयोग करणं माणुसकीला धरून नाही.

बेलारूसमध्ये 1996-97 साली यातून वाट काढली गेली. तिथल्या 31 प्रसूतिगृहांपैकी काहींमध्ये आयांना पाजण्यासाठी नीट मदत दिली, बाकी ठिकाणी नेहमीचीच पद्धत ठेवली. 17,000 हून अधिक बाळं त्यात होती. मदत मिळालेल्या गटात तिसऱ्या महिन्यात निव्वळ अंगावर असलेली बाळं 43 टक्के होती, दुसऱ्या गटात जेमतेम 6. पहिल्या वर्षातलं इसब दुसऱ्या गटात 6.3 टक्के, तर मदत मिळालेल्या गटात 3.3 टक्के होतं. साडेसहा वर्षांनी पाहिलं, तर दमा आणि ॲलर्जीत फरक उरला नव्हता. सोळाव्या वर्षी त्वचा तपासली तेव्हा इसब पुन्हा कमी आढळलं, दमा मात्र तेवढाच. एक लक्षात ठेव, दोन्ही गटांतल्या आयांनी पाजायला सुरुवात केलेलीच होती. म्हणजे ही तुलना जास्त आणि कमी पाजण्याची आहे, पाजण्याची आणि न पाजण्याची नाही.

दम्याबद्दल गोंधळ होतो तो छातीतल्या घरघरीमुळे. पहिल्या दोन वर्षांतली घरघर बहुतेकदा विषाणूंमुळे होते, कारण श्वासनलिका अजून अरुंद असतात. दुधातली प्रतिपिंडं असे संसर्ग कमी करतात, म्हणून घरघरही कमी होते. पुढच्या दम्यावरही थोडा चांगला परिणाम काही निरीक्षणांत दिसतो, पण तिथे आनुवंशिकता आणि घरातला धूर यांचं पारडं जड असतं. घरात कुणी सिगारेट ओढत असेल, तर ती आजच बंद करायला लाव.

ऑटोइम्यून आजारांचं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते अशा आजारांचं, चित्र संमिश्र आहे. सीलिअकसाठी (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्यांना इजा करणारा आजार) युरोपातल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष 2014 मध्ये आले. अंगावर पाजण्याने तो टळतो असं त्यांत दिसलं नाही. टाइप 1 मधुमेह आणि आतड्यांचे दाहक आजार अंगावर प्यायलेल्या मुलांत कमी आढळतात, पण हे निरीक्षणातून आलेलं आहे, आणि कारण दूधच की घरातलं बाकी काही, ते वेगळं काढता येत नाही.

आता तुझ्या हातातलं काय ते सांगते. जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी घे, पहिला चीक वाया घालवू नकोस. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाज. बाळाच्या तोंडात नुसतं बोंड नको, भोवतीचा काळा भागही बराचसा जायला हवा, नाहीतर बोंडाला चिरा पडतात आणि दूधही नीट निघत नाही. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा ओले लंगोट आणि वाढतं वजन, ही दूध पुरत असल्याची खूण. बाळ रडतंय म्हणजे दूध कमी, असं मानून पहिल्या तीन दिवसांत उगाच पावडरचं दूध देऊ नका. बाळाच्या रक्तातली साखर उतरली, वजन फार घटलं, तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढं बेलाशक द्या.

ॲलर्जी टाळायची म्हणून तू स्वतः दूध, अंडी, शेंगदाणे सोडू नकोस. त्याने बाळाला फायदा होत नाही, आणि पाजणारीचेच हाल होतात. बाळाच्या शीमध्ये रक्त दिसलं आणि डॉक्टरांना गाईच्या दुधाचा संशय आला, तरच दुधाचे पदार्थ दोन ते चार आठवडे पूर्ण बंद कर, कॅल्शियम घे, आणि नंतर पुन्हा खाऊन पाहा. हा शेवटचा भाग बहुतेक जणी गाळतात आणि विनाकारण महिनोन्‌महिने पथ्य करत राहतात.

अन्नाच्या ॲलर्जीची खरी किल्ली आहे वरच्या अन्नात. लंडनमध्ये तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या 640 बाळांवर चाचणी झाली. 2015 च्या निष्कर्षांनुसार पाच वर्षं शेंगदाणा टाळलेल्यांत त्याची ॲलर्जी 17.2 टक्के होती, लहानपणापासून नियमित खाल्लेल्यांत 3.2. म्हणून सहाव्या महिन्याच्या आसपास, आणि चार महिन्यांच्या आधी कधीच नाही, पूर्ण शिजलेलं अंडं आणि पातळ केलेली मऊ शेंगदाण्याची पेस्ट सुरू कर. अख्खा दाणा नको, घशात अडकतो. बाळ बरं असेल त्या दिवशी सकाळी, एका वेळी एकच नवा पदार्थ, आधी चमच्याच्या टोकावर मावेल एवढाच. दोन तास लक्ष ठेव. सोसला, तर आठवड्यातून दोन-तीनदा देत राहा, कारण एकदा देऊन सोडून दिलं की सवय टिकत नाही. अंगावर पाजणं सोबत चालूच ठेव. अंगावर गांधी उठल्या, सारखी उलटी झाली, आवाज बसला किंवा श्वास लागला, तर थेट दवाखाना गाठ.

बाळाला तीव्र इसब झालं, तर मात्र शेंगदाणा घरी चाटवण्याआधी तपासणी करून घे. अशा बाळाला शेंगदाणा सुरू करायची वेळ चार ते सहा महिन्यांच्या दरम्यानची असते, तेव्हा चौदाव्या आठवड्याच्या लशीच्या भेटीतच डॉक्टरांकडे विषय काढ.

तुझी,
स्नेहल