बाबांचे दोन स्वेटर

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आई म्हणाली, "भल्या पहाटे दोन स्वेटर चढवून सायकल काढतात आणि घामाने निथळत, कुडकुडत घरी येतात." तेव्हापासून तेच डोक्यात आहे. बाबा, या वयात तुम्ही सायकल पुन्हा हातात घेतलीत याचा मला फार आनंद आहे. ती सोडू नका. ते दोन स्वेटर तेवढे सोडा.

थंडीत सायकलवाल्याला गारठवतो तो त्याचाच घाम. पायडल मारताना शरीर जी शक्ती खर्च करतं, त्यातल्या जेमतेम पाव हिश्श्याने सायकल पुढे जाते. बाकी सगळी उष्णता होते. म्हणून दहा मिनिटांत आतून उकडायला लागतं. सुती बनियन घाम पिऊन अंगाला चिकटतं, आणि पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं.

पहिल्या हिवाळ्यात मीही हेच केलं होतं, तुम्हाला कधी सांगितलं नाही. आत सुती बनियन, त्यावर आईने विणलेला जाड स्वेटर आणि वर हवा न जाणारं जर्किन. चढ संपेपर्यंत घामाघूम झाले. माथ्यावर चेन उतरली, ती बसवण्यात पाच मिनिटं गेली, तेवढ्यात पाठीवरचा घाम गार पडला. मग उतार. पहिल्याच वळणावर ब्रेक दाबायला गेले तर बोटं वळेनात. अख्खा पंजा मुठीवर दाबून कशीबशी सायकल थांबवली आणि रस्त्याच्या कडेला हात काखेत घालून उभी राहिले. त्या दिवशी मी खरंच घाबरले होते.

तेव्हा बाबा, अंगालगत सुती काही नको. मेरिनो लोकरीचं पातळ, पूर्ण बाह्यांचं बनियन घाला. ही लोकर टोचत नाही. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल पोटात घेते, तरी अंगाला ओली लागत नाही. पॉलिएस्टरचंही चालेल, ते लवकर वाळतं, पण त्याला घामाचा वास फार धरतो. कडाक्याची थंडी असली तरच त्यावर पातळ फ्लीस, म्हणजे मऊ लवदार कापडाचा ऊबदार कपडा. सगळ्यात वर छातीकडून वारा अडवणारं आणि पाठीकडून हवा खेळती ठेवणारं जॅकेट, पुढून पूर्ण चेनचं. चढावर चेन खाली, उतार लागण्याआधी गळ्यापर्यंत वर. हे विसरू नका, कारण हवा ५ अंश असली तरी ताशी २० किलोमीटरच्या वेगात उघड्या कातडीला ती १ अंशासारखी झोंबते. दारातून निघताना थोडं काकडायला होत असेल तर कपडे बरोबर आहेत असं समजा. घरातच ऊबदार वाटलं तर एक कपडा जास्त झालाय.

गुडघे झाकलेलेच हवेत. तिथे हाडावर मांस नसतं, वारा थेट लागतो. पायमोजे लोकरीचे, पण एकच जोड. दोन कोंबले की बूट आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं उलट जास्त गार पडतात. हेल्मेटखाली कान झाकणारी पातळ टोपी घाला. जाड कानटोपीने हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही. आणि मफलर नकोच, त्याचं टोक चाकात जायला वेळ लागत नाही.

आई, तुझा स्वेटर कपाटात ठेवायचा नाही बरं का. बाबा घरात आले की आधी ओलं सगळं उतरवायचं, अंग पुसायचं, कोरडं बनियन आणि त्यावर तो स्वेटर. त्याची खरी गरज तेव्हाच असते.

अजून एक. बाबांची रक्तदाबाची गोळी बीटा ब्लॉकर प्रकारची आहे का, ते डॉक्टरांना विचार. त्या गोळ्यांनी हातपाय गार पडू शकतात. मनाने बंद मात्र करू नका.

हातमोजे मी पाठवते. घट्ट झाले तर बोटं गारठतील, सैल झाले तर ब्रेक हाताला लागणार नाही, म्हणून माप नीट हवं. आई, शिवणाची टेप घे आणि बाबांच्या उजव्या पंज्याचा घेर मोज, अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी. आज रात्रीच कळव.

तुमची,
लेक