साक्षीच्या तारखेला साक्षीदारासोबत कुणीतरी हवे

मा. संपादक,

‘साक्षीदार फितूर, आरोपी निर्दोष’ अशी बातमी आली की सगळा दोष साक्षीदाराच्या माथी जातो. पैसे घेतले असतील, नाहीतर घाबरला असेल, असे आपण गृहीत धरतो. तसेही घडते. पण जिल्हा न्यायालयात पीडित आणि साक्षीदारांसोबत काम करणाऱ्या विधी स्वयंसेवकांना, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने नेमलेल्या कार्यकर्त्यांना, त्याहून साधे कारण पुन्हा पुन्हा दिसते. समन्स हातात पडल्यापासून साक्ष संपेपर्यंत काय होणार आहे, हे त्या माणसाला कुणी सांगितलेलेच नसते.

समन्सवर खटल्याचा क्रमांक, न्यायालय आणि तारीख असते. कोणत्या मजल्यावर जायचे, कुणाला भेटायचे, किती वेळ थांबायचे, हे नसते. साक्षीदार अकरा वाजता येऊन व्हरांड्यात बसतो. शेजारच्या बाकावर आरोपीचे नातेवाईक. दुपारी कळते की पुढची तारीख पडली. रोज बुडाला, भाडे खिशातून गेले. अशा दोन-तीन खेपा झाल्या की तो यायचा थांबतो आणि मग त्याच्याच नावाने वॉरंट निघते. साक्षीदाराला वाजवी खर्च देण्याचे आदेश न्यायालय देऊ शकते, पण तो खर्च मागावा लागतो. त्याच दिवशी, तिकीट जपून ठेवून. हे सांगायला एक माणूस पुरतो.

खरी पडझड आरोपीच्या वकिलांच्या उलटतपासणीत होते. ‘तुम्ही तिथे नव्हता, हे म्हणणे बरोबर आहे?’ या प्रश्नाला घाबरलेली बाई ‘नाही’ म्हणते. तिच्या मनात ‘तुमचे म्हणणे बरोबर नाही’ असते, नोंद मात्र उलट होऊ शकते. ‘मी तिथे होते’ असे पूर्ण वाक्यात उत्तर द्यावे आणि प्रश्न समजला नाही तर ‘पुन्हा विचारा’ म्हणावे, एवढेच तिला आधी माहीत हवे. दुसरा नेहमीचा प्रसंग पोलिस जबाबाचा. साक्षीदाराने सांगितलेली गोष्ट जबाबात लिहिलेली नसते आणि वकील त्यावर बोट ठेवतात. साक्षीदार गडबडून कारणे रचू लागतो. तिथे खरे असेल तर ‘मी पोलिसांना तसे सांगितले होते, जबाबात का नाही ते मला सांगता येणार नाही’ हे उत्तर चालते. साक्ष नोंदवून झाल्यावर वाचून दाखवली जाते, तेव्हा लक्ष देऊन ऐकावे. चूक दिसली तर तिथेच न्यायाधीशांना सांगता येते. सही करून बाहेर पडल्यावर ते अवघड होते.

इथे आम्हा स्वयंसेवकांची मर्यादाही स्पष्ट असली पाहिजे. स्वयंसेवकाने न्यायालयाची रीत समजावून सांगायची, उत्तरे नाही. ‘काय सांगायचे ते मॅडमनी सांगितले’ हे एक वाक्य उलटतपासणीत आले की खरी साक्षही पढवलेली ठरते. जुना जबाब पाहायचा असेल तर तो विषय सरकारी वकिलांचा. हवालदाराने व्हरांड्यात वाचून दाखवलेला जबाब अंगलट येतो. म्हणून स्वयंसेवकाचे पहिले काम म्हणजे साक्षीदाराला वेळेवर सरकारी वकिलांसमोर नेऊन उभे करणे.

धमकी आली असेल तर 2018 ची साक्षीदार संरक्षण योजना आहे. सर्वोच्च न्यायालयाने महेंदर चावला खटल्यात 5 डिसेंबर 2018 रोजी ती मान्य केली. अर्जावर निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातील समितीचे अध्यक्ष जिल्हा व सत्र न्यायाधीश असतात. अर्ज आला की पोलिस उपविभागाच्या अधिकाऱ्याकडून धोक्याचा अहवाल मागवला जातो, तो कामकाजाच्या पाच दिवसांत यायला हवा. संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपर्यंत मिळते. अर्ज फसतो तो मजकुरामुळे. ‘जिवाला धोका आहे’ एवढेच लिहिले तर अधिकारी चौकशी कशाची करणार? तारीख, वेळ, ठिकाण, धमकी देणाऱ्याचे नाव, त्याचे शब्द जसेच्या तसे आणि फोन आला असेल तर क्रमांक लिहावा. मोबाइलमधील रेकॉर्डिंग पुसू नये. बहुतेकांना पोलिस पहारा नकोच असतो. आरोपीची समोरासमोर गाठ पडू नये, एवढेच हवे असते, आणि योजनेत त्याची तरतूद आहे.

महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणातच सर्वोच्च न्यायालयाने 11 जानेवारी 2022 रोजी असुरक्षित साक्षीदारांच्या साक्षीसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र केंद्र करायला सांगितले. त्यात फक्त मुले येत नाहीत. मानसिक आजार किंवा अपंगत्व असलेले आणि ज्यांना धोका आहे असे साक्षीदारही येतात. पण आपल्याला तिथे साक्ष देता येते हे साक्षीदाराला ठाऊक नसेल, तर तो मागणार कसा?

गुन्ह्यातील पीडितांना मिळणाऱ्या सरकारी भरपाईबद्दल एक मोठा गैरसमज दूर व्हायला हवा. आरोपीला शिक्षा होईपर्यंत थांबावे लागत नाही. आरोपी सापडलाच नाही तरी पीडित व्यक्ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकते, आणि चौकशी दोन महिन्यांत संपवायची असते. सोबत एफआयआरची प्रत (ती फुकट मिळते), वैद्यकीय कागद, आधार आणि पासबुकाचे पहिले पान जोडावे. अडते कुठे, तर नावात. एफआयआरमध्ये सासरचे आडनाव, बँकेत माहेरचे. किंवा खाते केवायसी (ओळख-पत्त्याच्या कागदांची पडताळणी) न झालेले लहान खाते असते, ज्यात 50 हजारांहून जास्त शिल्लक ठेवता येत नाही. मंजूर रक्कम मग अडकून पडते. अर्ज करण्याआधीच खाते नीट करून घ्यावे.

आमची मागणी अशी. प्राधिकरणांनी स्वयंसेवकांना शिबिरे आणि लोकअदालतींपुरते न ठेवता सत्र न्यायालयात साक्षीच्या तारखांना नेमावे. त्यासाठी समन्स काढलेल्या साक्षीदारांची यादी आठवडाभर आधी प्राधिकरणाकडे पोहोचली पाहिजे, म्हणजे तारखेपूर्वी निदान एक फोन करता येईल. आणि समन्सच्या तळाशी प्राधिकरणाच्या कार्यालयाचा क्रमांक आणि 15100 ही मोफत मदतवाहिनी ठळक मराठीत छापावी. त्यासाठी फक्त समन्सचा नमुना बदलावा लागेल.

– एक विधी स्वयंसेविका, सातारा जिल्हा