सुईविना लस आमच्या पाड्यावर कधी? केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना एका एएनएमचं खुलं पत्र

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

मी नाशिक जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात कंत्राटी एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका आहे. आपला वेळ मोलाचा आहे, तरी हे पत्र शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

गेल्या शनिवारी पाड्यावरच्या सत्रात एका बाळाला गोवर-रुबेलाची लस देऊन सुई काढत होते. बाळाने हात झटकला आणि तीच सुई माझ्या अंगठ्यात शिरली. नखाच्या कडेने रक्त आलं. सत्र टाकून निघता येईना, कारण गोवर-रुबेलाच्या (एमआर) लसीची कुपी एकदा तिचं द्रावण (डायल्युएंट) घालून तयार केली की ४ तासांत वापरावी लागते, उरलेली फेकायची. बाहेर बाया लेकरं घेऊन उन्हात बसलेल्या. हात साबणाने धुतला, पट्टी बांधली, राहिलेल्या बाळांना टोचलं आणि मग तालुक्याला गेले. तिथे सांगितलं, "बाळाचीच सुई ना? काही होत नाही. सोमवारी या."

अशा वेळी एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो २ तासांत आणि काही झालं तरी ७२ तासांच्या आत सुरू करायचं असतं, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं आहे. मग सोमवारी कशाला या? नवजात बाळाला २४ तासांच्या आत हेपॅटायटिस बीची लस मी देते. मला स्वतःला ती आजवर कोणी दिलेली नाही. त्या रात्री घरी गेल्यावर मुलीला जवळ घ्यायची भीती वाटली, हे कुठल्या रकान्यात भरू?

आता सुईविना लसीबद्दल. ऑगस्ट २०२१ मध्ये झायकोव्ह-डी या कोविडच्या लसीला आणीबाणीची मंजुरी मिळाली. सुई नाही, यंत्राच्या दाबाने लस त्वचेत जाते. केंद्राने १ कोटी डोस मागवले. डोसला २६५ रुपये आणि यंत्राचे ९३. सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र होता, जिल्ह्यांत आमच्या नाशिकचं नाव होतं. आमच्या उपकेंद्रापर्यंत त्यातलं काहीही पोचलं नाही. जून २०२३ मध्ये पुण्याच्या जेनोव्हा कंपनीची जेमकोव्हॅक-ओम आली, तीही कोविडचीच आणि सुईविना. पुन्हा कार्यक्रम, पुन्हा भाषणं. आमच्या सत्राच्या सामानात आजही बाळांसाठी सुयाच असतात.

दरम्यान पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियासारख्या छोट्या देशात काय झालं ते बघा. टिकलीएवढी पट्टी, तिच्यावर डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा सूक्ष्म सुया, त्यांच्यातच वाळवलेली गोवर-रुबेलाची लस. मनगटावर दाबायची, थोडा वेळ ठेवायची, काढायची. लस त्वचेच्या वरच्या थरात उतरते, आणि रोगाशी लढणाऱ्या पेशी तिथे भरपूर असतात. पाणी मिसळायला नको, वापरलेली सुई कापायचं हब कटर नको, अंगठ्यात शिरेल अशी सुईच नाही. ४५ मोठी माणसं आणि २४० लहान मुलांवर चाचणी झाली, २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. एका डोसनंतर तान्ह्या बाळांपैकी ९० टक्क्यांहून जास्त गोवरापासून सुरक्षित झाली. तुलनेला जी इंजेक्शनची लस घेतली ती आपल्या पुण्याच्या सीरमची! पुणे आमच्यापासून एका दिवसाच्या एसटीच्या अंतरावर.

२८५ जणांवरून लगेच देशभर पट्ट्या वाटता येत नाहीत, मोठ्या चाचण्या लागतात, हे मलाही कळतं. पण जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि 'गावी' ही जागतिक लस-आघाडी यांनी २०२० मध्येच लस देण्याच्या नव्या साधनांत अशा पट्ट्यांना पहिलं प्राधान्य दिलं. तेव्हापासून तुमच्या मंत्रालयाने आमच्यासारख्या जिल्ह्यांसाठी काय ठरवलं? कुणाला विचारलं? सुई हातात धरणाऱ्या एका तरी बाईला विचारलं का?

गोवर संपवायची मुदत आधी २०२० होती, मग २०२३ झाली, आता २०२६ सांगता. मधल्या काळात २०२२ मध्ये मुंबईत, गोवंडीत, लेकरं गोवराने गेली. मुदत हुकली म्हणून दिल्लीत कुणाचा पगार थांबला का? आमची यू-विनवरची (लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवरची) नोंद रेंजअभावी एक दिवस लांबली तरी खुलासा मागतात. ११ महिन्यांचा करार, मानधन उशिरा, आणि आढावा बैठकीत टक्केवारी मात्र वेळेवर हवी. या खात्यात वरून खाली उद्दिष्टं येतात आणि खालून वर आकडे जातात. आमचं दुखणं मधेच कुठेतरी फाइलीत बसतं. डॉक्टर नाहीत, गाडी नाही, वीज गेली की आयएलआरची, म्हणजे लसींच्या फ्रिजची चिंता, आणि कमी पडलं की दोष एएनएम आणि आशाताईचा.

पट्टीची लस आमच्यासारख्या भागात तपासायला कधी घेणार, ते तारखेसह सांगा. तोवर प्रत्येक कंत्राटी एएनएमला हेपॅटायटिस बीचे तिन्ही डोस द्या, आणि सुई टोचल्यावरचं औषध रविवारीसुद्धा प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळेल अशी सोय करा. उत्तरादाखल सहीशिक्क्याचा लेखी आदेश पाठवा. आमच्या केंद्राच्या सूचनाफलकावर तो मी स्वतः लावीन.

आपली,
एक कंत्राटी एएनएम,
नाशिक जिल्हा