झायनही मॅट्रिक्सच का? मालवणच्या मित्रास पत्र

वेंगुर्ले,
२२ जून

प्रिय अनंता,

सप्रेम नमस्कार.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत ‘द मॅट्रिक्स’ हा इंग्रजी चित्रपट लावून त्यावर गजाली घडवायची तुझी कल्पना झकास आहे. होड्या वर ओढलेल्या, मासेमारी बंद, बाहेर पाऊस, माणसं येतीलच. आणि आली की अर्ध्या तासात कुणीतरी उठून म्हणणार, “झायन पण मॅट्रिक्सच आसा!” मॅट्रिक्स म्हणजे यंत्रांनी कैद माणसांना दाखवलेलं खोटं जग आणि झायन म्हणजे त्यातून सुटलेल्यांचं बाहेरचं शहर; तेही खोटंच, असा त्याचा अर्थ. तिथून पुढे चर्चा हमखास भरकटते. म्हणून कुठली थिअरी कशावर उभी आहे आणि कुठे कोसळते, ते दृश्यांसकट लिहितो.

आधी वेळेचं बघ. १९९९ चा पहिला भाग १३६ मिनिटांचा, २००३ चे ‘रिलोडेड’ आणि ‘रिव्होल्युशन्स’ १३८ आणि १२९. एकूण ४०३ मिनिटं. एका बैठकीत हे कुणाच्याही पचनी पडणार नाही. पहिल्या दिवशी पहिला भाग अखंड दाखव आणि दुसऱ्या दिवशी बाकीच्या दोन भागांतली निवडक दृश्यं.

आता ती लाडकी थिअरी. झायन शहर, जहाजं, यंत्रांशी युद्ध हे सगळं म्हणजे पहिल्या मॅट्रिक्सभोवतीचं दुसरं मॅट्रिक्स, असं तिचं म्हणणं. पुरावे तीन. ‘रिलोडेड’च्या शेवटी स्फोटात जहाज उडतं, सेंटिनल (यंत्रांचे शिकारी यंत्रमानव) मागे लागतात आणि नायक निओ नुसता हात पुढे करून त्यांना जागच्या जागी बंद पाडतो, तेही बाहेरच्या जगात. दुसरा, मॅट्रिक्सचा राखणदार प्रोग्राम एजंट स्मिथ झायनच्या बेन या सैनिकाच्या देहात शिरून फोनच्या वाटेने बाहेर येतो. तिसरा, ‘रिव्होल्युशन्स’मध्ये डोळे जळाल्यावरही निओला दिसतं. याला पुस्ती मॅट्रिक्स रचणाऱ्या आर्किटेक्टच्या बोलण्याची: निवड दिली की ९९ टक्के माणसं मॅट्रिक्स स्वीकारतात. मग उरलेल्या एक टक्क्यासाठी ‘सुटलो’ असं वाटायला लावणारा दुसरा कोंडवाडा नको का?

ऐकायला बिनतोड वाटतं. पण तिसरा पुरावा नीट बघ, तो उलटा पडतो. आंधळ्या निओला सोनेरी प्रकाशात दिसतात ती यंत्रं, आणि बेनच्या आतला स्मिथ. शेजारी बसलेली त्याची प्रेयसी ट्रिनिटी दिसत नाही. जहाज कोसळल्यावर तो तिला हाका मारतो, चाचपडत तिच्यापर्यंत पोचतो, आणि तिच्या अंगात सळया घुसल्यात हे त्याला हात लावल्यावर कळतं. सगळं जगच कोड असतं तर ट्रिनिटीही कोड म्हणून दिसली असती. हे दृश्य नक्की दाखव, आणि आवाज मोठा ठेव.

सेंटिनल थांबवण्याचं उत्तर पहिल्याच भागात पेरलेलं आहे. निओला सोडवणाऱ्या मॉर्फियसचं जहाज मॅट्रिक्समध्ये घुसतं ते तारेने नाही. चोरून सिग्नल सोडता येईल एवढ्या उंचीवर यावं लागतं. म्हणजे बिनतारी जोडणी या जगात आधीपासून आहे आणि निओच्या देहात यंत्रांनी बसवलेलं सामान आहेच. ‘रिव्होल्युशन्स’मध्ये भविष्य सांगणारी ऑरॅकलही त्याला सांगते की त्याची शक्ती या जगापुरती नाही, ती उगमापर्यंत पोचते. तयारी नसताना तो तिथे पोचला म्हणून बेशुद्ध पडला. एक फट मात्र इथेही राहते: देहातलं कुठलं सामान हा सिग्नल पकडतं, हे एकदाही दाखवलेलं नाही. कुणी बोट ठेवलं तर सरळ मान्य कर.

एक टक्क्याचा हिशेबही मजेदार आहे. झायनवर अडीच लाख सेंटिनल चालून येतात, माणशी एक. म्हणजे लोकसंख्या अडीच लाख. एक टक्का म्हणजे अडीच लाख धरलं तर मॅट्रिक्सची वस्ती जेमतेम अडीच कोटी निघते, आणि आकडा हास्यास्पद होतो. पण नाकारणारा प्रत्येक जण सोडवला जातोच असं नाही, आणि मॉर्फियसच्या जहाजावरच्या टँक-डोझर भावांसारखी माणसं झायनमध्येच जन्मलेली आहेत. त्यामुळे या आकड्यावर कुठलीच बाजू जिंकत नाही. वेळ घालवू नकोस.

मला या थिअरीचा खरा राग वेगळ्या कारणाने येतो. तिला पाडू शकेल असं दृश्यच असू शकत नाही. काहीही दाखवा, “तेही दुसऱ्या मॅट्रिक्सने दाखवलं” म्हणता येतं. मग तिसरं का नको, चौथं का नको? मांडणाऱ्याला एवढंच विचार: पडद्यावर काय दिसलं असतं तर तू ही थिअरी सोडली असतीस? उत्तर आलं तर चर्चा पुढे ने, नाहीतर चहा आण.

दुसरी मोठी थिअरी: तो ‘एकमेव’, म्हणजे भाकितातला तारणहार, निओ नसून स्मिथ. आधार असा की मॉर्फियसच्या कथेतला पहिला तारणहार मॅट्रिक्सच्या आत जन्मलेला होता, आणि ऑरॅकल निओला तू तो नाहीस असंच सुचवते. स्मिथ तर आतलाच, आणि तो नष्ट झाल्यावरच युद्ध थांबतं. हुशार मांडणी आहे. पण आर्किटेक्टच्या खोलीत ती आपटते. तो निओलाच विसंगती म्हणतो, आधीचे पाच होऊन गेले आणि हा सहावा असं सांगतो, आणि झायन पुन्हा वसवायला २३ जण निवडायचं काम (१६ बायका, ७ पुरुष) निओपुढेच ठेवतो. स्मिथचा हिशेब ऑरॅकल देते: तो निओचं ऋण टोक, समीकरण तोलायला निघालेली बाजू. माझ्या मते स्मिथ तारणहार नाही, पण त्याच्याशिवाय निओचं काम पुरं होत नाही. अर्धी थिअरी खरी, असं म्हणून दोन्ही गटांना चिडव.

आर्किटेक्टने सगळं आधीच ठरवलंय तर ऑरॅकलच्या निवडीला अर्थ काय, हा प्रश्न येईलच. तिथे दशावतार काढ. आख्यान ठरलेलं, राक्षस मरणार हे लहान पोरालाही ठाऊक. पण संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतो आणि रात्र त्याच्यावर चढते किंवा पडते. आर्किटेक्टकडे आख्यान आहे, ऑरॅकल संवादांवर खेळते. फरक इतकाच की सहाव्या खेपेला संवादांनी आख्यानच बदललं.

बॅटरीवाला प्रश्न तुझे सायन्सचे मास्तर विचारणार. मॉर्फियस म्हणतो, माणूस १२० व्होल्टच्या बॅटरीपेक्षा जास्त वीज आणि २५,००० बीटीयूपेक्षा जास्त उष्णता देतो. किती वेळात, ते सांगत नाही. २५,००० बीटीयू म्हणजे सुमारे ६,३०० किलोकॅलरी. स्वस्थ पडलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता सोडतो, म्हणजे एवढी भरायला तीन दिवस लागतात. आणि तेवढी ऊर्जा त्याला आधी खाऊ घालावी लागते. प्रत्येक रूपांतरात थोडी गळतेच. त्यात यंत्रांकडे फ्यूजन (अणुसंमीलन) आहे असं त्याच संवादात येतं, मग माणसं कशाला? म्हणून चाहत्यांची थिअरी अशी की यंत्रांना माणसाचा मेंदू गणनेसाठी हवा. सुमारे २० वॉटवर चालणारा एवढा गणक दुसरा कुठे मिळणार? ही थिअरी मला पटते. ज्यांनी ‘रिलोडेड’मध्ये ट्रिनिटीच्या हातात खरं एनमॅप (संगणकाच्या जाळ्यातल्या फटी शोधणारं सॉफ्टवेअर) दिलं, त्यांना हा हिशेब जमला नसता असं वाटत नाही, बॅटरी पडद्यावर सोपी दिसते एवढंच.

‘रिलोडेड’मधला मेरोव्हिंजियन हा आधीचा ‘एकमेव’, ही थिअरी त्याची बायको पर्सेफनी हिने निओला ऐकवलेल्या एका वाक्यावर लटकलेली आहे: तोही एकेकाळी तुझ्यासारखा होता. पण तो प्रोग्राम आहे, तिथे संपलं. निओच्या, म्हणजे थॉमस अँडरसनच्या, पासपोर्टची मुदत ११ सप्टेंबर २००१ ला संपते, हे कुणीतरी मोबाइलवर दाखवेल. योगायोग, चित्रपट अडीच वर्षं आधीचा. आणि मॅट्रिक्सचं कोड म्हणून पडद्यावर कोसळणाऱ्या हिरव्या अक्षरांच्या पावसात गुप्त संदेश शोधणाऱ्यांना सांग की सायमन व्हाइटली या डिझायनरने ती अक्षरं बायकोच्या जपानी पाककृतींच्या पुस्तकांतून घेतली. आपल्याकडे काम आलं असतं तर पडद्यावर तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) एकशिपीची पाककृती पडली असती.

माझी आवडती थिअरी मात्र अगदी छोटी आहे. मॉर्फियसच्या जहाजावरचा फितूर सायफर एकटाच मॅट्रिक्समध्ये जाऊन स्मिथसमोर स्टेक खातो. आत जायला मानेत सुई घालणारा लागतो, बाहेर यायला ऑपरेटरने लावलेला फोन. मग तो गेला कसा? आधीचं दृश्य बघ: रात्री पडद्यांसमोर तो एकटा, निओ मागून येताच दचकतो आणि घाईने पडदे बंद करतो. म्हणजे आत-बाहेर आपोआप होईल असा प्रोग्राम तो त्या वेळी लावत होता. सुईचा प्रश्न तरी उरतोच, पण ही थिअरी पडद्यावर दिसलेल्या गोष्टीतून निघते आणि कमीत कमी गृहीत धरते. हीच पहिली मांड, म्हणजे लोकांना बघायची सवय लागेल. त्यासाठी रात्रीचं दृश्य आणि स्टेकचं दृश्य लागोपाठ दोनदा लाव.

रंगांवरून वाद झाला तर आधी प्रत कुठली ते तपास. मॅट्रिक्स हिरवट आणि जहाज निळसर हे खरं, पण मधल्या काही डिस्कवर पहिल्या भागाचा हिरवा फार वाढवलेला आहे. २०१८ ची ४के आवृत्ती मूळ रंगांच्या जवळ जाते. प्रोजेक्टर ‘व्हिव्हिड’वर असेल तर ‘सिनेमा’वर आण, नाहीतर निळा-हिरवा एकच दिसेल. आर्किटेक्टच्या दृश्याला सबटायटल्स हवीतच. आणि लाइट जाणार हे धरूनच चाल: इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर आणि स्पीकर एवढंच ठेव, पंखे नकोत.

२०२१ चा चौथा भाग या खेपेस वगळ. त्यात आधीची सगळी कथा निओने बनवलेला गेम म्हणून येते, आणि ते कळलं की झायनवाले पुन्हा उठतील. तो ऑगस्टमध्ये स्वतंत्र लाव, तेव्हा मीही येतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मोहन