‘किडकीत’ची ‘खिडकीत’ करून देणाऱ्यास

सप्रेम नमस्कार,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. आभार मानले की तुम्ही विषय बदलता, हे एव्हाना कळलंय. पण परवा रात्री तुम्ही पाठवलेली माझ्या गाण्याची फाईल उघडल्यापासून मनात जे साठलंय ते कुठेतरी ओतायलाच हवं, म्हणून हे उघडं पत्र.

माझा गळा सुरात नाही. कविता करतो, चालही सुचते, पण गाऊन दाखवायची सोय नाही. म्हणून वोकॅलॉइडच्या नादी लागलो. आपण शब्द आणि स्वर भरायचे, गायचं काम कॉम्प्युटरचं. यामाहानं ते २००४ साली बाजारात आणलं, २००७ मध्ये हात्सुने मिकू नावाचा त्यातला जपानी आवाज आला आणि जगभरच्या बेसुरांची सोय झाली. माझ्याकडचा आवाजही जपानीच. माझी ओळ होती, ‘खिडकीत थांबली सांज जरा’. यंत्र गायचं, ‘किडकीत तांबली सांज जरा’. घरच्यांनी आधी पोट धरून हसून घेतलं, मग टीव्हीचा आवाज वाढवला.

गंमत म्हणजे ‘सांज जरा’ झकास यायचं. आपला दंततालव्य ‘ज’ जपानीत जवळजवळ जसाच्या तसा मिळतो. पण ‘क’ आणि ‘ख’ ही वेगळी अक्षरं आहेत हे त्या भाषेच्या गावीही नाही. या आवाजांच्या मुळाशी कुणा माणसानं स्टुडिओत बसून म्हटलेले तुकडे असतात. त्या तुकड्यांत ‘ख’ नव्हताच, मग यंत्र तो आणणार कुठून?

हे मला तीन महिन्यांत कुणी सांगितलं नाही. एका गृहस्थांनी पैसे घेऊन गाण्यात इतका रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, ओतला, की ‘किडकीत’ विहिरीतून ऐकू यायला लागलं. दुसऱ्यांनी ‘यंत्राकडून कसला भाव मागतोस’ म्हणून वाटेला लावलं. तिसरे खरोखरच जाणकार होते. त्यांनी अख्खं गाणं आपल्या पद्धतीनं नव्यानं बांधलं, चालसुद्धा बदलली आणि ‘आता ऐकण्यालायक झालंय’ असा शेरा मारून पाठवलं. ते माझ्या गाण्यापेक्षा बरं होतं, हे कबूल. पण ते माझं नव्हतं. आणि ‘किडकीत’ होतं तिथेच होतं.

तुम्ही पहिल्या निरोपात एवढंच लिहिलंत, ‘तोंडासमोर तळहात धरा. क म्हणा, मग ख म्हणा.’ मी म्हटलं. ‘क’ला हाताला जेमतेम काही लागलं, ‘ख’ला ऊन वाफ आली. खाली तुमची दुसरी ओळ होती, ‘महाप्राण म्हणतात त्याला. तुमच्या गाण्यात प्राण कुठे गेला?’ शाळेत महाप्राण पाठ केले होते, दोन मार्कांसाठी. त्यांचा स्पर्श हाताला पन्नाशीत झाला.

मग वेलॉसिटीचा घोळ. पियानोत वेलॉसिटी म्हणजे पट्टीवर बोट किती जोरात पडलं ते. तोच हिशेब इथे लावून ठसक्यासाठी मी प्रत्येक स्वराची वेलॉसिटी १२७ वर, म्हणजे पार टोकाला, नेऊन ठेवली होती. वोकॅलॉइडमध्ये ती व्यंजनाची लांबी ठरवते आणि तीही उलटी. आकडा चढला की व्यंजन आखडतं. म्हणजे जोर देतोय असं समजून मीच ‘ख’चा गळा आवळत होतो! तुम्ही ती ४० वर आणलीत, ‘क’ लांबला, आणि त्याच्या नि ‘इ’च्या मध्ये ‘ह’चा एक अगदी आखूड तुकडा खोचलात. झाली खिडकी.

आणि ती शांतता. व्यंजन स्वराच्या आधी वाजतं, म्हणजे समेवर ‘ख’ नाही, ‘खि’मधला ‘इ’ पडतो. त्यामुळे लांबवलेलं व्यंजन मागच्या स्वराची शेपटी खातं. तुम्ही तो मागचा स्वर जरासा छाटून तिथे डायनॅमिक्सची, म्हणजे आवाज लहानमोठा करणारी, रेघ थेट खाली आणलीत, पापणी लवेल इतकीच. जीभ टाळूला टेकते तेव्हा आवाज बंदच असतो, म्हणून तर ती स्पर्शव्यंजनं. मी आवाज वाढवून जोर शोधत होतो, तुम्ही तो क्षणभर बंद करून आणलात. ओळीच्या शेवटी ‘जरा’वर व्हायब्रेटो, म्हणजे स्वराचं थरथरणं, उशिरा सुरू केलात आणि किंचित मींड दिलीत, हे तर मी विचारलंही नव्हतं.

पण हे पत्र त्यासाठी नाही. ते एका रिकाम्या जागेसाठी आहे.

फाईल उघडली तर दोन ट्रॅक होते. खालचा म्यूट केलेला, त्याचं नाव ‘तुमचं मूळ, हात लावलेला नाही’. वरच्यात ‘खिडकीत’ दुरुस्त केलेलं, ‘सांज जरा’ सजवलेलं आणि मधलं ‘थांबली’ तसंच्या तसं, ‘तांबली’. मला वाटलं, राहून गेलं. मग त्या ट्रॅकचं नाव वाचलं, ‘थ तुम्ही करा’.

तुम्हाला तो करायला दोन मिनिटं लागली नसती. मला रात्रीचे अडीच वाजले. आधी ‘ह’ इतका लांब झाला, की ‘त हांबली’ ऐकू येई. मग इतका आखूड, की पुन्हा तांबलीच. मधूनच तळहात तोंडापुढे धरून बसायचो. बायको उठून आली, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता परत गेली. आणि मग कधीतरी ती थांबली. सांज, म्हणजे.

असा सभ्यपणा हल्ली फार कुणाकडे दिसत नाही. आपल्याला येतं ते दाखवायची खाज प्रत्येकाला असते, मलाही आहे. समोरच्याच्या कामात नेमकं कुठे हात घालायचा नाही हे कळायला काय लागतं कोण जाणे. तीन महिने माझ्या गाण्याशी सगळे बोलले, माझ्याशी कुणी बोललं नाही.

पूर्ण गाणं सोबत पाठवतोय. दुसऱ्या कडव्यात ‘भरून’ आहे, त्यातला ‘भ’ अजून ‘ब’च वाटतो. तिथे ‘ह’ खोचून भागत नाही, कारण श्वास आणि आवाज एकदमच हवेत. ब्रेदिनेस, म्हणजे आवाजातला श्वास, तेवढ्यापुरती वाढवून पाहिली, आवाज सर्दी झाल्यासारखा येतो. सवड झाली की ऐका. फक्त ऐका, दुरुस्त करू नका. कुठे चुकतंय तेवढं सांगा.

आपला,
तांबलीवाला