चार नाटकांचा हंगाम: परभणीच्या मित्रास

नांदेड,
श्रावणाच्या तोंडावर

प्रिय मित्रा,

तुझी सात नाटकांची यादी मिळाली. रात्री दोनदा वाचली. अभिजात आणि आधुनिक शेजारी ठेवायचं, एकाच चमूनं दोन्ही करायचं, हा विचार शंभर टक्के पटला. मराठवाड्यात स्पर्धेपुरतं नाटक बसतं, एक-दोन प्रयोग होतात आणि नेपथ्य कुणाच्या तरी माडीवर धूळ खात पडतं. हंगाम केला तर नट वाढतो आणि प्रेक्षकालाही पुन्हा यायची सवय लागते. पण सात फार होतात, चार कर. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या रंगमंडळाचं उदाहरण तू दिलंस. ते 1964 पासून चालतं, कारण तिथला नट पगारी आहे आणि सकाळपासून तालमीला हजर असतो. आपला नट बँकेतून, शाळेतून, दुकानातून सुटून संध्याकाळी सातला येतो आणि साडेनऊला घड्याळ बघतो. त्याच्या रोजच्या अडीच तासांत काय बसतं, यावरून हंगाम ठरव. आवडीची यादी त्यानंतर.

माझी चार: ‘संगीत सौभद्र’, ‘वाटा पळवाटा’, ‘तुघलक’ आणि ‘वाडा चिरेबंदी’. क्रमही हाच ठेव. सुरुवात 5 नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी. 1843 साली याच तारखेला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं होतं. शेवट 27 मार्चला, जागतिक रंगभूमी दिनी. ‘घाशीराम कोतवाल’ यादीतून काढ असं सांगताना मलाच वाईट वाटतंय. त्याला नेपथ्य जवळजवळ लागत नाही, म्हणून ते स्वस्त वाटतं. पण त्यात माणसांची रांग हाच पडदा असतो. ती रांग गाते, डोलते, फुटते आणि पुन्हा जुळते. पंचवीस-तीस माणसं रोज वेळेवर आली नाहीत तर तो पडदा फाटका दिसतो. पहिला हंगाम नीट पार पडू दे, मग पुढच्या वर्षी तेच एक नाटक घेऊन बस.

‘सौभद्र’ची तयारी आजपासून सुरू कर. बाकीची नाटकं दीड महिन्यात बसतील, याला तीन महिने लागतात. किर्लोस्करांनी 1882 मध्ये ते आणलं तेव्हा प्रेक्षक रात्रभर बसायला तयार होता. शंभरावर पदं आहेत. तुला पावणेतीन तासांत पाचही अंक बसवायचे तर तीस-पस्तीस पदं उरतील. कापताना लोकप्रिय आहे की नाही एवढंच पाहू नकोस. ज्या पदानं कथा पुढे सरकते ते ठेव, भाव तोच पुन्हा सांगणारं काढ. राहिलेल्या पदांतही सगळीकडे आलाप-ताना नकोत. चार-पाच जागा फुलव, बाकी पदं बोलण्याच्या लयीत सरळ पुढे ने.

खरी अडचण पट्टीची येते, म्हणजे कोण कुठल्या सुराला षड्ज धरून गातं त्याची. तुझा अर्जुन काळी एकला गाईल, सुभद्रा काळी चारला. दोघांच्या षड्जात पंचमाचं अंतर आहे, म्हणजे त्याचा पंचम तोच तिचा षड्ज. हे लक्षात ठेवून पेटीवाल्याकडून दोन पदांमधली जोडणी बसवून घे, नाही तर प्रवेशाच्या मध्यात सूर शोधताना नटाचा चेहराच पडतो. तबले दोन लागतील, प्रत्येक पट्टीसाठी वेगळा. तेही दिव्यांच्या आचेपासून लांब ठेव. कोरड्या हवेत आणि आचेत शाई-पुडी ताणली जाऊन तबला चढतो, पावसाळी हवेत उतरतो. तालमी पावसाळ्यात आणि प्रयोग कोरड्या हवेत, त्यामुळे तालमीत जुळलेला तबला प्रयोगाला जुळणार नाही. तिसऱ्या घंटेआधी दहा मिनिटं तो पुन्हा मिळवायला वादकाला वेळ दे. आणि माईक नटांच्या अंगावर लावू नकोस. रंगमंचाच्या कडेला तीन, वरून टांगलेले दोन पुरतात. ऑर्गनचा आवाज माईकमध्ये शिरू नये म्हणून ऑर्गन विंगेत थोडा मागे सरकव आणि त्याची पाठ माईककडे कर.

त्या थकव्यानंतर डिसेंबरच्या मध्यात ‘वाटा पळवाटा’. दत्ता भगत नांदेडचे, आपल्या मातीतलेच. एक घर, मोजकी पात्रं, दलित चळवळीतल्या तीन पिढ्यांची भांडणं एकाच छताखाली. एक काका, एक प्राध्यापक, एक तापलेला तरुण. हे नाटक बोलण्यावर उभं आहे. कुणाचीच बाजू खोटी नाही, म्हणून दिग्दर्शकानं आवडता नट निवडून त्याला उजेडात उभं करायचं नाही. तालमीचे पहिले दहा दिवस नुसत्या वाचनाला दे. हालचाली लवकर लावल्या की नट वाक्याचा अर्थ सोडून खुर्ची ते खिडकी एवढंच पाठ करतो. यातले नट बहुतेक ‘सौभद्र’मधले न गाणारेच असतील, म्हणजे गाणाऱ्यांच्या गळ्याला तीन आठवडे विश्रांती मिळेल.

‘तुघलक’ जानेवारीत घे. गर्दीसाठी कॉलेजची पोरं लागतात आणि फेब्रुवारीत बारावीची परीक्षा आली की ती मिळत नाहीत. आपल्या मुलखाला या नाटकाचा वेगळाच अर्थ आहे, कामून की अर्धं नाटक दौलताबादेत घडतं. राजधानी हलवण्याचा निर्णय 1327 मध्ये सुरू होतो आणि नंतरचे प्रवेश किल्ल्याच्या तटावर येतात. पण तू सुचवलंस तसं किल्ल्यावर प्रयोग करायच्या फंदात पडू नकोस. संरक्षित वास्तू आहे, परवानगीची फाईल दिल्लीपर्यंत फिरते. शिवाय उघड्या तटावर वाऱ्यात शब्द उडून जातात. दिग्दर्शक इब्राहिम अल्काझींनी 1974 मध्ये दिल्लीच्या पुराण्या किल्ल्यात हे नाटक केलं, पण त्यांच्यामागे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा सगळा फौजफाटा होता.

गिरीश कार्नाडांनी या नाटकाचे तेरा प्रवेश जुन्या पारसी कंपन्यांच्या पद्धतीनं रचलेत, एक खोल, एक उथळ. दरबाराचा प्रवेश मागच्या खोल जागेत, रस्त्यावरचा पुढच्या पट्टीत. पुढे अझीझ-आझम ही ठगांची जोडी बोलत असते तेव्हा पडद्यामागं सिंहासन हलतं. हे सोडून तू प्रत्येक प्रवेशानंतर अंधार केलास तर तेरा प्रवेशांत बारा अंधार होतील. एका अंधाराला चाळीस सेकंद धरले तरी आठ मिनिटं प्रेक्षक काळोखात चुळबुळ करणार. पुढच्या कडेपासून दहा फुटांवर एक मधला पडदा टाक. जाड कापडाचा, खाली शिसाची किंवा वाळूची पट्टी शिवलेला, म्हणजे पंख्याच्या वाऱ्यानं हलणार नाही. उच्चारांची काळजी तुला इतरांपेक्षा कमी. निजामाच्या काळात उर्दू इथली राजभाषा होती आणि परभणीच्या बाजारात आजही दखनी कानावर पडते. त्यामुळे सुलतानाच्या तोंडचे शब्द तुझ्या पोरांच्या जिभेवर सहज बसतील. पण शब्द सहज आले म्हणून नट ते भरभर टाकतो, तेवढं मात्र अडव.

‘वाडा चिरेबंदी’ शेवटी. एलकुंचवारांचं हे नाटक 1985 मध्ये रंगमंचावर आलं आणि त्यातला वाडा विदर्भातला आहे. त्याला लातूर-नांदेडची बोली लावायचा मोह होईल. लावू नकोस. त्या घरातली भाषा त्या घराच्या हुद्द्याची आहे. आपल्या हेलात ती आली की वहिनीचा तोरा आणि आईचं खचणं दोन्ही पातळ होतात. नाटकातले विराम घड्याळ लावून पाळ. तालमीत कुणी तरी शेजारी बसून मोजावं. चार सेकंदांचा विराम नटाला बारा सेकंदांचा वाटतो, म्हणून तो दुसऱ्याच सेकंदाला पुढचं वाक्य टाकून मोकळा होतो. वहिनी घरातले दागिने अंगावर घालते तो प्रवेश फक्त प्रकाशाच्या जोरावर उभा करू नकोस. त्या सोन्याला वजन हवं. पत्र्याचे हलके दागिने घातले की नटीचे खांदे वर राहतात. पितळेचे घे.

आता सांगाडा. इथंच हंगाम बुडतो किंवा तरतो. चार नाटकांना चार नेपथ्यं करशील तर पैसा दुसऱ्याच नाटकाला संपेल. एकच संच बनव: चार बाय चार फुटांचे सहा प्लॅटफॉर्म, चार बाय दोनचे चार. पाय आठ, सोळा आणि चोवीस इंचांचे, बदलता येणारे. दहा फुटी खांब चार, सात बाय तीनची दरवाजाची चौकट एक, आणि चार बाय दहाचे कापडी फ्लॅट, म्हणजे चौकटीवर कापड ताणलेल्या भिंती, आठ. ‘वाड्या’ची ओसरी सोळा इंचांवर, सुलतानाचं सिंहासन चोवीसवर, प्राध्यापकाच्या घरात फक्त चौकट आणि दोन फ्लॅट. ‘सौभद्र’ला मागं रंगवलेला पडदा आणि पुढं दोन पायऱ्या बस. आठ बाय चारचे प्लॅटफॉर्म करू नकोस. 19 मिलिमीटर प्लायचा तेवढा नुसता तक्ता पस्तीस-चाळीस किलोचा होतो, त्यावर चौकटीचं वजन, आणि जिन्याच्या वळणावर तो अडकतो. खिळे कुठंच नकोत. 3/8 इंची बोल्ट आणि पंखी नट वापर. खिळ्यांची चौकट पाच-सहा उभारण्यांत सैल पडते आणि माणूस वर चढला की करकरते. ‘वाड्या’च्या शांततेत ती करकर शेवटच्या रांगेपर्यंत जाते. पायांखाली रबराचे तुकडे चिकटव. सगळं चौदा फुटी टेम्पोत बसलं पाहिजे, सगळ्यात लांब वस्तू बारा फुटांपुढे नको. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर रंगानं आकडा घाल आणि जोडणी नव्वद मिनिटांत होईपर्यंत ती तालमीसारखी कर.

हॉल बुक करण्याआधी टेप घेऊन स्वतः जा. रंगमंचाची उघड रुंदी, खोली, दोन्ही विंगांची रुंदी, पडद्याच्या दांड्याची उंची, मागच्या दरवाजाचं माप, एवढं लिहून आण. खोली चोवीस फुटांपेक्षा कमी असेल तर ‘तुघलक’चा मधला पडदा बसत नाही. तालुक्याच्या ठिकाणी मंगल कार्यालयाची पंधरा फुटी स्टेजं असतात. तिथं फक्त ‘वाटा पळवाटा’ ने, ते तिथं छान उभं राहील.

विजेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण नट चुकला तर प्रेक्षक माफ करतो, पण अंधार पडला की उठून जातो. एक हजार वॅटचे चोवीस दिवे धर. तीन फेजवर आठ-आठ वाटले तर प्रत्येक फेजवर पस्तीस अँपिअर होतात. त्यातच ध्वनियंत्रणा आणि पंखे एका फेजवर आले की चाळीसच्या पुढे जातं. 32 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप वीज तोडणारा स्विच, लगेच पडत नाही, तापत राहतो आणि अर्ध्या-पाऊण तासानं पडू शकतो. म्हणूनच दुपारच्या पाच मिनिटांच्या तपासणीत सगळं ठीक वाटतं. तपासणी करायची तर सगळे दिवे पूर्ण लावून एक तास ठेव. दुसरा धोका न्यूट्रलचा, म्हणजे तिन्ही फेजच्या परतीच्या समाईक तारेचा. ती जोडणी सैल असली आणि एका फेजवर भार कमी असला, तर त्या फेजवरच्या दिव्यांना 230 ऐवजी चारशेच्या आसपास व्होल्ट मिळू शकतात आणि दिवे फुटतात. वायरमनकडून न्यूट्रलचा स्क्रू डोळ्यांसमोर आवळून घे. तिसरी गोष्ट, संध्याकाळी व्होल्टेज दहा टक्के उतरलं तर हॅलोजनचा प्रकाश सुमारे तीन दशांशानं कमी होतो आणि पिवळा पडतो. म्हणून प्रकाशयोजना बसवताना दिवे सत्तर टक्क्यांवर ठेव, वर वाढवायला जागा राहील. जनरेटर 40 केव्हीएचा. तो इमारतीपासून लांब, आवाज प्रेक्षागृहात येणार नाही अशा कोपऱ्यात लाव आणि डिझेल मध्यंतरात पुन्हा बघ.

कागदपत्रं थोडक्यात. किर्लोस्कर 1885 मध्ये गेले, त्यांच्या नाटकाला परवानगी लागत नाही. आपल्याकडं लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतात, म्हणून बाकी तीनही नाटकांना लेखी परवानगी घे. ‘तुघलक’ तेंडुलकरांच्या मराठी रूपात करणार असशील तर मूळ लेखकाच्या वारसांची आणि अनुवादकाच्या वारसांची, अशी दोघांची. प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचा संहिता-क्रमांक आहे का ते आधी बघ. नसेल तर संहिता आजच पाठव, कारण हॉलवाले आणि पोलीस ठाणं दोघंही तो क्रमांक मागतात.

तिकिटाबद्दल माझं मत ठाम आहे. फुकट पास वाटू नकोस. चारही नाटकांचं एकच हंगाम-तिकीट काढ, चार सुटी घेण्यापेक्षा स्वस्त, आणि त्यावर चार तारखा छापून दे. फुकटचा प्रेक्षक मध्यंतरात उठतो, पैसे दिलेला तिसरा अंक बघतो. कॉलेजच्या पोरांना मागच्या रांगा अर्ध्या दरात दे.

प्रत्येक भूमिकेला दुसरा माणूस तयार ठेव, तोंडपाठ नसला तरी हालचाली ठाऊक असलेला. आजारपण आणि बदल्या हंगामात येणारच.

रविवारपर्यंत मला तीन गोष्टी कळव: परभणीच्या रंगमंचाची मापं, गाणाऱ्या चारही जणांची पट्टी आणि संध्याकाळी सातला नक्की येणाऱ्यांची नावं. नावं बारा भरली तर ‘सौभद्र’च्या पदांची कापलेली प्रत मी तुला लगेच पाठवतो. आठच भरली तर ‘तुघलक’चं पुन्हा बोलू.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र